नव्या मिशनरीचा पहिला आठवडा: सोमवार ते रविवार कसा बसवायचा

हा लेख लॅटर-डे सेंट्स चर्चच्या पूर्णवेळ मिशनवर नुकत्याच निघालेल्या मराठी मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. बाहेरचे लोक या चर्चला 'मॉर्मन' म्हणतात. २०१८ पासून चर्च स्वतःचं पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरतं. मुलगे २४ महिने सेवा करतात, मुली १८ महिने. २०२४ च्या अखेरीस जगभरात असे ७४ हजारांहून जास्त तरुण मिशनरी होते. सगळ्यांच्या आठवड्याचा सांगाडा जवळपास एकच असतो. इथे तो अमेरिकेतल्या मिशनच्या संदर्भात मांडला आहे. भारतात काम करताना काय बदलतं तेही जागोजागी येईल.

ट्रेनिंग सेंटरमध्ये, मग ते युटातलं प्रोव्हो असो की दुसरं कुठलं, घंटा कुणीतरी वाजवतो आणि जेवण ताटात येतं. एरियात, म्हणजे नेमून दिलेल्या भागात, पोहोचल्यावर दिवस भरण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या सोबत्यावर येते. पहिले १२ आठवडे हा सोबती तुमचा ट्रेनरच असतो. नव्या मिशनरीला सगळ्यात जास्त थकवतात ते रिकामे तास. दुपारी दोन वाजता अनोळखी गल्लीत उभं राहून 'आता कुठे जायचं?' असं एकमेकांना विचारायची वेळ आली की उत्साह झपाट्याने ओसरतो. म्हणून नियोजनाबद्दल इथे जरा जास्तच लिहिलं आहे.

रोजची चौकट

सकाळी ६:३० ला उठायचं, रात्री १०:३० ला दिवे बंद. उठल्यावर प्रार्थना आणि अर्धा तास व्यायाम. मग आंघोळ, नाश्ता, दिवसाचं नियोजन, एकट्याचा अभ्यास आणि सोबत्याबरोबरचा अभ्यास. नवी भाषा शिकायची असेल तर तिच्यासाठी वेगळा वेळ. साधारण दहाच्या सुमारास बाहेर पडायचं आणि रात्री नऊपर्यंत परतायचं. शेवटचा धडा, म्हणजे शिकू इच्छिणाऱ्याला शिकवण्याची भेट, चालू असेल तर साडेनऊ. मिशन प्रेसिडेंट, म्हणजे तुमच्या मिशनचे प्रमुख, स्थानिक परिस्थितीप्रमाणे या वेळा पुढेमागे करू शकतात, त्यामुळे पोहोचल्या दिवशीच तुमच्या मिशनचं वेळापत्रक विचारून घ्या.

व्यायाम टाळू नका. पहिल्या महिन्यात पाय आणि पाठ दुखते ती चालण्याची सवय नसल्यामुळे. बूट दोन जोड हवेत आणि ते एक दिवसाआड घालायचे. घामाने ओला झालेला बूट एका रात्रीत वाळत नाही आणि तसाच घातला की फोड येतात.

सोबत्याला नजरेआड करायचं नाही हा नियम बाथरूमचा अपवाद सोडला तर चोवीस तासांचा आहे. मुलग्यांनी एकट्या स्त्रीच्या घरात आणि मुलींनी एकट्या पुरुषाच्या घरात धडा घ्यायचा नाही. तिथे आणखी एक प्रौढ माणूस हवं, नाहीतर अंगणात किंवा चर्चच्या इमारतीत भेटायचं. दार लहान मुलाने उघडलं आणि घरात मोठं कुणी नसेल तर आत पाऊलही टाकू नका. यात तुमचं रक्षण आहे आणि समोरच्याचंही.

सोमवार: पी-डे

बहुतेक मिशनमध्ये पी-डे, म्हणजे तयारीचा दिवस, सोमवारी असतो आणि तो संध्याकाळी ६ ला संपतो. सहानंतर पुन्हा कामाचे कपडे घालून रस्त्यावर. म्हणजे हातात मोजके तास असतात आणि त्यात कपडे, बाजार, सफाई, घरचा फोन आणि थोडी विश्रांती बसवायची असते. क्रम असा ठेवा:

१. आधी कपडे मशीनला लावा. इमारतीत मशीन नसेल तर लॉन्ड्रोमॅटला जावं लागतं. तिथे बऱ्याच ठिकाणी अजून क्वार्टरची नाणी लागतात. बँकेत दहा डॉलरचा रोल मिळतो, त्यात ४० नाणी असतात. पांढरे शर्ट वेगळे धुवा आणि कॉलरवर आधी साबण घासा, नाहीतर महिन्याभरात पिवळी रेघ बसते आणि ती जात नाही. सहा-सात शर्ट असले की आठवडा निघतो.

२. मशीन चालू असताना घरी फोन. फेब्रुवारी २०१९ पर्यंत मिशनरींना वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला, घरी बोलता यायचं. आता दर पी-डेला फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. भारतातल्या घरच्यांशी बोलायचं तर वेळेचा हिशेब लागतो: न्यूयॉर्कला सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. एक ठरलेली वेळ घरी कळवून ठेवा. आईवडिलांना एक विनंती: फोनवर रडू आलं तर येऊ द्या, पण 'परत ये' हा शब्द पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काढू नका. त्या काळात घराची आठवण बहुतेकांना येते आणि बहुतेकांची ती ओसरते. झोप उडणं, जेवण न जाणं, सतत धडधडणं हे मात्र वेगळं आहे. ते मिशन प्रेसिडेंट किंवा त्यांच्या पत्नीला लगेच सांगायचं. मदत मिळते आणि ती मागणं हा कमीपणा नाही.

३. मग बाजार. घरभाडं मिशन भरतं. जेवण, साबण, बस यांचे पैसे दर महिन्याला कार्डावर जमा होतात. (मिशनचा खर्च मिशनरी आणि त्याचं कुटुंबच उचलतं, अमेरिकेतल्या कुटुंबांसाठी जुलै २०२० पासून ही रक्कम महिन्याला ५०० डॉलर आहे.) आलेल्या रकमेचे चार समान भाग करा आणि एका आठवड्यात एकच भाग खर्चा. पहिल्या आठवड्यात पिझ्झा झाला की चौथ्या आठवड्यात नूडल्सच्या पाकिटांवर दिवस काढावे लागतात, आणि त्यावर दिवसभर चालता येत नाही. दोघांना आठवड्याला तांदूळ दोन किलो, डाळ अर्धा किलो, अंडी दोन डझन, ओट्सचा डबा, एक गॅलन दूध, दोन ब्रेड, कांदे-बटाटे-टोमॅटो आणि केळी एवढं पुरतं.

४. शेवटी घर. फोडणी देताना खिडकी उघडा आणि चिमणीचा पंखा लावा. अमेरिकेतल्या अपार्टमेंटमध्ये मोहरी-मिरचीच्या धुराने स्मोक अलार्म हमखास वाजतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची चूक करू नका; घर तपासायला येणारे ते आधी बघतात.

फिरायला जायचं तर या चारही गोष्टी झाल्यावर. दुपारचं फुटबॉल लांबलं आणि कपडे ओले राहिले की मंगळवारचा सकाळचा अभ्यास इस्त्रीत जातो.

मंगळवार: डिस्ट्रिक्ट कौन्सिल आणि दारोदार

आठवड्यातून एकदा, साधारण मंगळवारी किंवा बुधवारी, आसपासच्या दोन-चार जोड्या डिस्ट्रिक्ट लीडरकडे, म्हणजे त्या जोड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या मिशनरीकडे, जमतात. तासाभरात ज्यांना आपण शिकवतो त्यांची चर्चा होते आणि एखाद्या कौशल्याचा सराव होतो. नव्याने गप्प बसू नये. एका माणसाची खरी अडचण घेऊन जा: 'त्यांना शिकायचं आहे, पण रविवारी कामाची पाळी असते, काय करावं?' उत्तर मिळतंच.

मग दारोदार. घंटा वाजवून दोन पावलं मागे सरका आणि थोडं बाजूला उभे राहा, म्हणजे दार उघडणाऱ्याला तुम्ही अंगावर आल्यासारखे वाटत नाही. नाव सांगा, चर्चचं नाव सांगा आणि एका वाक्यात का आलात ते सांगा. मग थांबा. नवे मिशनरी घाबरून सलग दोन मिनिटं बोलतात, तोवर दार बंद होतं. 'नाही' म्हटलं तर आभार मानून निघा आणि प्रीच माय गॉस्पेल या मिशनरींच्या नोंदींच्या ॲपमध्ये तशी नोंद करा, म्हणजे पुढची जोडी त्याच घराला पुन्हा त्रास देणार नाही. विक्रेत्यांना मनाई केलेली पाटी दिसली तर ते दार सोडून द्या. कायद्याने धर्मप्रचाराला मोकळीक असली तरी पाटी लावणाऱ्याचं मन त्यात दिसतं. सकाळी घरं रिकामी असतात. संध्याकाळी ५ ते ८:३० हा खरा वेळ.

न्यू जर्सीतल्या एडिसन, जर्सी सिटीसारख्या भागात दार मराठी माणसानेही उघडलं जाईल. तुम्ही स्वतः मराठी असाल तर हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण अमेरिकन सोबत्याला जिना चढण्याआधी पुढच्या गोष्टी नक्की सांगा. बूट दाराबाहेर काढायचे. चहा येणारच, आणि चर्चच्या १८३३ सालच्या आरोग्यनियमाप्रमाणे चहा, कॉफी, दारू, तंबाखू चालत नाही. तेव्हा बसतानाच सांगा, 'काकू, आम्ही चहा घेत नाही, पण पाणी चालेल.' चहा समोर आल्यावर नको म्हटलं तर घरच्यांना वाईट वाटतं. सरबत, चिवडा, लाडू खुशाल घ्या. प्रसाद दिला तर काय करायचं हे दोघांनी आधीच बोलून ठेवा. दिवाणखान्यात एकमेकांच्या तोंडाकडे बघू नका. देव्हाऱ्याबद्दल, मूर्तीबद्दल एक शब्दही टीकेचा नको.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आतिथ्य म्हणजे शिकण्याची इच्छा नव्हे. आपल्याकडे पाहुण्याला तोंडावर 'नको' म्हणत नाहीत. 'बघू', 'पुन्हा या कधीतरी', 'सध्या जरा गडबड आहे' याचा अर्थ बहुतेक वेळा नकारच असतो. अमेरिकन सोबती ॲपमध्ये 'पुढची भेट' लिहून ठेवतो आणि त्या घराला पाच वेळा फोन करतो. तसं करू देऊ नका. सरळ विचारा, 'आम्ही परत आलो नाही तर बरं पडेल का?' लोक मोकळेपणाने उत्तर देतात आणि नातं चांगलं राहतं.

भारतात हे असं दारोदार जाणं नसतं. काम सदस्यांच्या ओळखीतून आणि स्वतःहून विचारणाऱ्यांबरोबरच चालतं. गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश अशा राज्यांत धर्मांतराबाबत कडक कायदे आहेत आणि आमिष हा शब्द त्यात व्यापक अर्थाने येतो. म्हणून सेवाकार्यात चर्चची पत्रकं वाटायची नाहीत, आणि पैसे, शिक्षण, नोकरी यांचा विषय धर्माच्या बोलण्यात आणायचाच नाही. महाराष्ट्राशी या मिशनचा संबंध जुना आहे: ह्यू फिंडले हे मिशनरी १८५१ साली मुंबईत उतरले आणि पुढे पुण्यातही राहिले. त्या वेळचं काम दशकभरही टिकलं नाही. सध्याच्या मंडळ्या खूप नंतरच्या आहेत. भारतातला पहिला स्टेक, म्हणजे अनेक मंडळ्यांचा गट, २०१२ मध्ये हैदराबादला झाला.

बुधवार

बुधवारी सेवेचे तास बसवणं सोपं जातं: अन्नछत्र, कुणाचं घर हलवणं, अंगणातला बर्फ काढणं, इंग्रजीचा मोफत वर्ग. जुने कपडे आणि हातमोजे सोबत घ्या, पण नावाची काळी पट्टी विसरू नका.

संध्याकाळी अनेकदा एखादं सदस्य कुटुंब जेवायला बोलावतं. शाकाहारी असाल किंवा गोमांस खात नसाल तर वॉर्डमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, जेवणांची यादी सांभाळणाऱ्या व्यक्तीला पहिल्याच रविवारी सांगा. ताट वाढल्यावर सांगितलं तर यजमानाला लाज वाटते. तासाभरात उठायचं, एक छोटा विचार वाचून दाखवायचा, भांडी उचलायला हात लावायचा. यजमान पुरुष घरी नसेल तर दोन एल्डरनी (मुलगे मिशनरींनी) आत बसून जेवायचं नाही. डबा घेऊन निघायचं.

गुरुवार किंवा शुक्रवार: आठवड्याचं नियोजन

इथे दोन तास बाजूला काढा आणि ते कुणालाही देऊ नका. टेबलावर दोन्ही फोन, एक वही, नकाशा.

पहिल्यांदा शिकणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव घ्या आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा. मग विचारा: गेल्या भेटीत त्याने काय करायचं ठरवलं होतं, ते झालं का, आता त्याला कशाची गरज आहे? उत्तर 'दुसरा धडा' असं असेल तर ते पुरेसं नाही. 'त्यांच्या वडिलांना जाऊन महिना झाला आहे, म्हणून मृत्यूनंतरच्या जीवनाचा भाग आधी घेऊ' हे उत्तर आहे. धडे क्रमाने असले तरी क्रम माणसाप्रमाणे बदलायची मुभा आहे. एक धडा अर्ध्या तासात संपवा, पाऊण तासाच्या पुढे नेऊ नका.

दुसरं, पक्क्या भेटी कॅलेंडरमध्ये टाका आणि प्रत्येक भेटीखाली दोन पर्यायी जागा लिहा. दोन्ही त्याच भागातल्या हव्यात, चालत दहा मिनिटांच्या आत. भेटी रद्द होतात. आठवड्यात निम्म्या रद्द झाल्या तरी त्यात नवल नाही, आणि त्याने खचायचं कारण नाही. पर्याय लिहिलेला असला की तुम्ही पाच मिनिटांत पुढच्या दारात असता. नसला की तास जातो.

तिसरं, कोणत्या धड्याला कोणता सदस्य सोबत येईल ते ठरवा आणि त्याच बैठकीत त्यांना फोन लावा. आयत्या दिवशी विचारलं की लोक येऊ शकत नाहीत. समवयस्क, त्याच भाषेचा, त्याच गल्लीतला माणूस असेल तर उत्तम, कारण तुमची बदली होणार आहे आणि तो तिथेच राहणार आहे.

चौथं, गाडी असेल तर मैल मोजा. प्रत्येक गाडीला महिन्याची मर्यादा असते. समजा ६०० मैल असतील तर आठवड्याला १५० येतात. त्यातले २५ अडीअडचणीसाठी ठेवा. लांबच्या भेटी एकाच दिवशी, एकाच दिशेला लावा. गाडी मागे घेताना सोबत्याने उतरून मागे उभं राहायचं, दर वेळी. सायकल असेल तर हेल्मेटशिवाय पेडलला पाय लावायचा नाही.

शेवटचा अर्धा तास सोबत्याचा. एकमेकांचं काय चांगलं चाललं आहे ते आधी सांगा. मग प्रत्येकाने स्वतःला काय जड जातंय ते सांगावं आणि त्यानंतर एकच बदल मागावा. 'तू नेहमी उशीर करतोस' असं म्हणाल तर भांडण होतं. 'आपण ९:५० ला दाराशी उभे राहू या का?' असं विचाराल तर काम होतं. राग गिळून बसणारे नवे मिशनरी बरेच असतात, खास करून ट्रेनर वयाने किंवा अनुभवाने मोठा म्हणून. असं करू नका. न बोललेली गोष्ट सहाव्या आठवड्यापर्यंत धड्यातही दिसायला लागते. समोरच्या माणसाला दोघांमधला ताण लगेच कळतो. आपसात सुटत नसेल तर डिस्ट्रिक्ट लीडर आहे, आणि दर काही आठवड्यांनी मिशन प्रेसिडेंटची मुलाखत असते.

शनिवार: बाप्तिस्मा असेल तर

बाप्तिस्मा घेणाऱ्याची मुलाखत शिकवणाऱ्या जोडीने घ्यायची नसते. डिस्ट्रिक्ट लीडर किंवा त्याच्या वरचा झोन लीडर घेतो. ती आदल्या काही दिवसांत उरका. अल्पवयीन असेल तर पालकांची संमती आणि विवाहित असेल तर जोडीदाराची संमती हवी. आठ वर्षांखालच्या मुलांचा बाप्तिस्मा होत नाही.

हौद भरायला काही तास लागतात, त्यामुळे किती लागतात ते इमारतीची किल्ली असणाऱ्याला आधी विचारा. गरम पाणी आधी सोडा, कारण टाकी संपली की उरलेलं गारच येतं. भरणाऱ्या हौदाजवळ कायम कुणीतरी हवं. लहान मुलांचा धोका असतो. पांढऱ्या कपड्यांचं माप आदल्या दिवशी घालून बघा, टॉवेल आणि कोरडे कपडे दोन्ही बाजूंना ठेवा. प्रार्थनेचे शब्द ठरलेले आहेत आणि ते अचूक म्हणावे लागतात. माणूस पूर्ण पाण्याखाली जायला हवा. केसांची बट किंवा पायाचा अंगठा वर राहिला तर दोन साक्षीदार सांगतात आणि विधी पुन्हा करायचा. बुटक्या हौदात उंच माणसाला गुडघे वाकवायला आधी सांगा, म्हणजे पाय वर येत नाहीत.

बाप्तिस्मा नसेल तर शनिवार आठवड्यातला सगळ्यात चांगला कामाचा दिवस, कारण लोक घरी असतात. उद्या येणाऱ्या प्रत्येकाला संध्याकाळी फोन करा आणि त्यांना कोण आणणार ते नक्की करा.

रविवार

सभा २०१९ पासून दोन तासांची आहे. पहिला तास सॅक्रामेंटचा; ब्रेड आणि पाणी दिलं जातं. तुम्ही वीस मिनिटं आधी पोहोचा आणि दाराजवळ थांबा. पहिल्यांदा येणाऱ्याला कुठे बसायचं ते कळत नाही, आणि एकटा बसलेला पाहुणा बहुधा परत येत नाही. त्याची ओळख दोन सदस्यांशी करून द्या आणि त्यांच्याजवळच बसवा.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो: सलग दोन जेवणं नाहीत, पाणीही नाही. शनिवारी दुपारी भरपूर पाणी पिऊन ठेवा आणि त्या रविवारी दुपारी लांबचं चालणं टाळा. मधुमेह किंवा औषधं चालू असतील तर उपास करू नका.

रात्री आठवड्याचे आकडे डिस्ट्रिक्ट लीडरला कळवायचे: नवे शिकणारे किती, सदस्यासोबत किती धडे झाले, सभेला किती आले, बाप्तिस्म्याची तारीख किती जणांनी ठरवली. शून्य असेल तिथे शून्यच लिहा. फुगवलेल्या आकड्यावरून झोन लीडर चुकीच्या ठिकाणी मदत पाठवतात आणि जिथे गरज आहे ती जोडी एकटी पडते.

दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि निरोप थोडेच दिवस आधी येतो. म्हणून नोंदी रोजच्या रोज लिहा: घराचा पत्ता, कुत्रा आहे का, आजींना कोणत्या कानाने ऐकू येतं, कोणत्या विषयावर बोलणं थांबलं, पुढच्या वेळी काय वाचायचं ठरलं. घर सोडताना फ्रिज रिकामा करा, घरमालकाकडून राहिलेली दुरुस्ती लिहून टेबलावर ठेवा आणि किल्ल्या नव्या जोडीच्या हातात द्या.